मे महिन्यातलं सफरचंद

बाहेर सत्तेचाळीस.
यावल रोडचं डांबर चपलेचा तळ सोडत नाही.
आत, काचेच्या दाराआड, मी
सफरचंदं रचते: देठ वर, गाल पुढे,
डाग मागे.

डाग मागे, हे मला कुणी शिकवलं नाही.
बघायला पाहुणे यायचे तेव्हा आई
माझं भाजलेलं कोपर भिंतीकडे येईल
अशी मला बसवायची.

प्रत्येक फळाच्या गालावर नंबर आहे.
माझ्या छातीवर नाव. रत्नप्रभा एवढंच मावलं,
आडनावाला पट्टी पुरली नाही.

हे फळ माझ्याआधी नोकरीला लागलंय.
मी लागले संक्रांतीनंतर,
ते उतरलं गेल्या दसऱ्याला,
कुठल्याशा डोंगरावर,
तोडणाऱ्यांनी म्हणे तेव्हा कानटोप्या घातल्या होत्या.
मग खोलीत कोंडलं. हवा काढून घेतली.
सगळी नाही,
जीव राहील एवढी ठेवली.
मालाच्या गाडीवरचा रुबाब तडवी सांगतो हे सगळं.
"कमी श्वास, कमी म्हातारपण,"
असं म्हणतो
आणि विडी पेटवतो.

सावद्याला माझा दीर केळीच्या चेंबरला आहे.
तिथे उलटं.
हिरवी केळी आत घेतात, गॅस सोडतात,
चार दिवसांत जागं करून
पिवळी धमक दिल्लीला धाडतात.
हायवेवर कुठेतरी दोन ट्रक एकमेकांना ओलांडत असतील,
एकात झोपवलेलं, एकात उठवलेलं,
आणि दोन्हीचे ड्रायव्हर पेंगुळलेले.

दोघांना शेजारी ठेवायचं नसतं.
पहिल्याच आठवड्यात मी ठेवलं होतं,
लाल-पिवळं छान दिसतं म्हणून.
तिसऱ्या दिवशी केळी काळी.
भारंबे साहेबांनी दोनशे वीस रुपये कापले.
सफरचंद दिसतं गरीब,
पण गुपचूप काहीतरी सोडत असतं हवेत.

आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला महिना आहे.
बोरं पौषात, हुरडा त्याच्या पुढेमागे,
भरताचं वांगं थंडी पडल्यावर,
त्याआधी आणलं तर सासू हात लावत नाही.
या रांगेला महिना नाही.
फक्त भाव वर जातो, खाली येतो,
आणि पाटीवरचा देश बदलतो.

काल झोपे आले होते, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड.
मेहुणा दवाखान्यात होता.
सफरचंद म्हणजे आमच्याकडे दवाखानाच,
धडधाकट माणूस केळं खातो.
एक उचललं, कानाशी नेऊन टिचकी मारली.
"काय व पोरी, ताजं हाये का?"
एकदम फ्रेश सर, असं म्हणायचं असतं.
मी म्हटलं, "जपून ठेवलेलं हाये, बाबा."
ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले,
की पाटीकडे, मला कळलं नाही.
मग दोन घेतली. लहानातली.

पाच वाजता मागच्या खोलीत
बाद झालेला माल मोजायचा असतो.
वरून लालभडक, दाबलं की बोट आत जातं.
एक मी सुरीने कापलं,
नुसतंच, खायला नाही.
पिठूळ, भिजल्या पुठ्ठ्याच्या रंगाचं.
आणि मधे, बियांच्या घरात,
एका बीने पांढरं मूळ काढलेलं,
नखाएवढं, वाकडं,
भिंतीला टेकून आणखी पुढे जाऊ पाहणारं.

इतके महिने अंधारात, थंडीत पडून
तिने बहुतेक हिवाळा मोजला
आणि संपला असं धरलं.

इथे ती जगणार नाही, मला माहीत आहे.
इथे तुळसही मे महिन्यात दुपारी मान टाकते.
वजन-नोंदीच्या वहीत मी लिहिलं: सफरचंद, बाद,
तीन किलो सहाशे.
बी ओल्या बिलात गुंडाळून
डब्याच्या वरच्या खणात ठेवली,
लोणच्याची वाटी बाजूला सारून.

बाहेरून भारंबे साहेब ओरडले,
रांग विस्कटली आहे.